शुगर असताना घरचा पाव: ज्वारीचं पीठ चालेल का?

उदगीरकर:
आईला टाईप २ शुगर आहे, ग्लिमेपिराईड आणि मेटफॉर्मिन या शुगरच्या गोळ्या चालू. चहासोबतचा पाव काही सुटत नाही. घरी ओटीजी (विजेची छोटी भट्टी) आहे. मैद्याऐवजी ज्वारी आणि साखरेऐवजी गूळ घातला तर भागेल का? बदामाचं पीठ परवडत नाही. अंडी चालतात.

गोदातीर:
नाही भागणार. ज्वारी घ्या, गहू घ्या, १०० ग्रॅम पिठात कार्ब (कर्बोदकं, ज्यांची पोटात साखर होते) ७० ग्रॅमच्या आसपासच. ज्वारीत ग्लुटेन (गव्हातलं चिकट प्रथिन) नाही एवढंच, त्याचा शुगरशी संबंध नाही. राजगिऱ्याचंही तेच. बेसन जरा बरं, पण तेही लो-कार्ब नव्हे. आणि गूळ म्हणजे साखरच की हो.

आपल्याकडे शेंगदाणा आणि जवस असताना बदामामागे लागू नका. १०० ग्रॅम शेंगदाण्यात कार्ब साधारण १६, त्यातला निम्मा फायबर, म्हणजे न पचणारा चोथा, त्यानं शुगर वाढत नाही. जवसात २९, पण जवळपास सगळाच फायबर.

एका लहान लोफला: भाजून सोललेले शेंगदाणे १५० ग्रॅम, जवस ५०, इसबगोल १०, बेकिंग पावडर दीड चमचा, मीठ अर्धा चमचा, अंडी ३, दही १०० ग्रॅम, तेल २ मोठे चमचे. शेंगदाणे पूर्ण गार झाल्यावर जवसासोबतच मिक्सरला लावा, तेही थांबून थांबून. सलग फिरवले की तेल सुटून लगदा होतो. सगळं कालवून १० मिनिटं ठेवा, इसबगोल पाणी पिऊन घट्ट होतं. १६० अंशांवर ४०-४५ मिनिटं. त्याहून जास्त आच दिली तर वरून करपतो, आत ओला राहतो. पूर्ण गार झाल्याशिवाय सुरी लावू नका, चिकट निघेल.

अख्ख्या लोफात फायबर वजा जाता कार्ब २० ग्रॅमच्या आसपास. मैद्याच्या पावासारखा फुगेल ही अपेक्षा मात्र सोडा, हा केकच्या अंगाचा होतो.

घाण्यावरची शेंगदाणा पेंड स्वस्त म्हणून आणू नका. ती जनावरांसाठीची असते, बुरशीच्या विषाची भीती राहते.

मांजराकाठ:
गोड हवं असेल तर एरिथ्रिटॉल, म्हणजे शुगर न वाढवणारी साखरेसारखी पूड. साखरेच्या साधारण ७० टक्के गोड, म्हणून १०० ग्रॅम साखरेच्या जागी १३०-१४० लागतं. मिक्सरला बारीक करूनच घाला, नाहीतर पाव गार झाल्यावर दाताखाली कचकच करतं. ॲस्पार्टेमच्या गोळ्या भाजण्यात कामाच्या नाहीत, उष्णतेनं गोडी उतरते. ‘शुगर-फ्री’ लिहिलेल्या पाकिटावर माल्टिटॉल किंवा माल्टोडेक्स्ट्रिन दिसलं तर परत ठेवा, दोन्हींनी शुगर वाढते.

उदगीरकर:
शेंगदाण्याऐवजी सूर्यफुलाच्या बिया चालतील का?

गोदातीर:
चालतील की ताई, सोललेल्या घ्या. पण खायचा सोडा जास्त पडला तर पाव आतून हिरवागार निघतो. बुरशी नव्हे ती, बियांतल्या क्लोरोजेनिक आम्लाची सोड्याशी क्रिया होते. खायला धोका नाही. चमचाभर लिंबाचा रस घाला, रंग बराच आटोक्यात येतो.

मांजराकाठ:
एक राहिलं. ग्लिमेपिराईड चालू असताना जेवणातले कार्ब एकदम तोडले तर शुगर खाली जाऊ शकते. थरथर, घाम, डोळ्यांपुढे अंधारी, अशा वेळी हा पाव देऊन उपयोग नाही, ३ चमचे साखर पाण्यातून द्या. तेव्हा रोजचा पाव बदलायच्या आधी डॉक्टरांना गोळीच्या डोसचं विचारा. सुरुवातीला दोनच काप द्या आणि खाण्याआधी व दोन तासांनी ग्लुकोमीटरवर बघा.