डेटाचं शिकतेय, सोबत स्त्री-अभ्यासाचं एम.ए. घ्यावं का?

दुपारी_तीन:

नमस्कार मंडळी. थोडं लांबलंय. पूर्ण वाचा आणि मग काय रागवायचं ते रागवा.

मी चिखलीची, जिल्हा बुलढाणा. २०१२ ची बी.एस्सी. कॉम्प्युटर, अमरावती विद्यापीठ. लग्न झाल्यापासून आमच्या कृषी सेवा केंद्राची बिलं, जीएसटी आणि उधारीची वही एवढंच माझं 'कॉम्प्युटर' उरलं होतं. गेल्या वर्षी हिय्या करून एका ऑनलाइन डेटा डिप्लोमाला प्रवेश घेतला. संस्थेचं नाव राहू द्या. लेक्चर बघायची माझी वेळ दुपारी तीन ते साडेचार. तेव्हा भांडी झालेली असतात, पोरगी शाळेत असते, दुकानातून फोन येत नाहीत. आणि लाइन असली तर.

तर झालं असं. एका गृहपाठाला कुटुंबांच्या माहितीची फाइल दिली होती. वय, लिंग, शिक्षण, व्यवसाय, महिन्याचं उत्पन्न. पहिली पायरी 'डेटा स्वच्छ करा', म्हणजे उत्पन्नाचा रकाना रिकामा असेल त्या ओळी काढून टाका. एका ओळीची आज्ञा आहे त्याला, ड्रॉपएनए. मी चालवली. पण दुकानाच्या हिशोबाची खोड जात नाही, एंट्रीच्या आधीची आणि नंतरची बेरीज जुळवल्याशिवाय मला चैन पडत नाही. म्हणून आधी किती ओळी होत्या, आता किती राहिल्या ते मोजलं. पुरुष ११०४ चे १०४३ झाले. बाया ८९६ च्या १५८.

काढलेल्या ओळी उघडून पाहिल्या तर व्यवसायाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत गृहिणी, गृहिणी, गृहिणी, शेतमजूर (घरची शेती), गृहिणी. म्हणजे माझी जाऊ, माझी सासू, आणि खरं तर मीच, कारण दुकानाचा पगार मला कोण देतंय? पुढे उरलेल्यांवरून 'कुटुंबातील व्यक्तींचं सरासरी उत्पन्न' काढायचं होतं, ते काढलं, आलेख रंगवला, दहापैकी दहा मार्क मिळाले. चर्चेच्या पानावर विचारलं की सर, एवढ्या बाया गेल्या त्याचं काय? उत्तर आलं, मिसिंग व्हॅल्यू आहेत, काळजी नसावी.

तेव्हापासून डोक्यात बसलंय की हे जे मला खटकलं त्याचा कुठेतरी रीतसर अभ्यास होत असणार. शोधत शोधत स्त्री-अभ्यासाशी पोचले. (ताराबाई शिंदे आमच्या बुलढाण्याच्या, हे मला पस्तिशीत कळलं. १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिणारी बाई आपल्याच जिल्ह्यातली, आणि बारा वर्षांच्या शाळेत एका सरांनी नाव घेतलं नाही.)

आता अडचणी. दोन पदव्या एकदम करता येतात का? डेटा आणि स्त्री-अभ्यास एकत्र शिकवणारं काही असतं का, की आपणच शिवायचं? आणि परीक्षा घरून असेल तर मला नकोच. मागच्या सत्रात कॅमेऱ्यापुढे पेपर देत होते. नियम असा की खोलीत एकटं बसायचं. आमच्या घरात तशी खोली नाही, मी देवघराला कडी लावून बसले होते. सासूबाईंना दिवाबत्तीची वेळ झाली, त्यांनी कडी वाजवली, मी नुसती मान वळवली. 'दुसरी व्यक्ती आढळली' म्हणून पेपर रद्द. पुढचा पेपर जालन्यावरून एसटीने संभाजीनगरच्या केंद्रावर जाऊन दिला. अर्धं तिकीट, पण पूर्ण दिवस.

घरी विरोध असा कुणाचा नाही. फक्त दीर म्हणतात, "वहिनी, ते डेटाचं ठीक आहे, पण महिला मंडळाचं एम.ए. कशाला?" त्यांना काय सांगू?

हिंजवडी_फेज३:

ताई, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. दोन डिग्र्या एकदम चालत नाहीत, एक रद्द होते. आणि मी मुलाखती घेतो, त्यामुळे सांगतो, एम.ए. कुणी बघत नाही. दोन चांगले प्रोजेक्ट करून टाका, ते बोलतात. स्त्री-अभ्यास आवड म्हणून वाचा की, नको कोण म्हणतंय?

गोदाकाठची:

फेज३, तुमची माहिती जुनी झाली. एप्रिल २०२२ पासून यूजीसीने दोन पदव्या एकाच वेळी करायला मुभा दिली आहे. एक वर्गात बसून आणि दुसरी दूरस्थ किंवा ऑनलाइन, किंवा दोन्ही दूरस्थ-ऑनलाइन. विद्यापीठाला त्या अभ्यासक्रमाची मान्यता हवी, एवढं मात्र यूजीसीच्या यादीत डोळ्यांनी बघून घ्या. जाहिरातीत काहीही लिहितात.

दुपारी_तीन, मी नाशिकची, वय ५२. एका बँकेच्या संगणक विभागात वीस वर्षं काढली आणि मग दूरशिक्षणाने स्त्री-अभ्यासाचं एम.ए. केलं. सगळ्यांनी वेड्यात काढलं होतं, तेव्हा दिरांचं मनावर घेऊ नका.

आधी व्यवहाराचं. इग्नूमध्ये महिला व लिंगभाव अभ्यासाचं एम.ए. आहे. परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये, केंद्रावर जाऊन. कॅमेरा नाही, कडी नाही. वाचन बरंचसं इंग्रजी, पहिले दोन महिने शब्दकोश मांडीवरच लागतो. एवढी उडी नको असेल तर 'स्वयं' या सरकारी ऑनलाइन मंचावर एखादा आठ किंवा बारा आठवड्यांचा विषय घेऊन बघा. त्यावरच्या एनपीटेलच्या, म्हणजे आयआयटीवाल्यांच्या, विषयांत शिकणं फुकट, प्रमाणपत्र हवं असेल तरच परीक्षेचे १००० रुपये. गृहपाठाला २५ मार्क, केंद्रावरच्या परीक्षेला ७५. यादी दर सत्राला बदलते, जानेवारी आणि जुलैच्या आधी चाळायची.

आता दिरांचं. त्यांना सांगा की आपल्याकडे स्त्री-अभ्यास महिला मंडळातून नाही, जनगणनेच्या तक्त्यातून आला. स्त्रियांची स्थिती तपासायला सरकारनेच समिती नेमली होती. तिचा अहवाल १९७४ चा. त्यातला सगळ्यांना हादरवणारा आकडा म्हणजे १९०१ मध्ये हजार पुरुषांमागे ९७२ बायका होत्या, १९७१ मध्ये ९३० उरल्या. सत्तर वर्षांत देशात दवाखाने वाढले, शाळा वाढल्या आणि बायका कमी झाल्या. त्याच १९७४ साली मुंबईत एसएनडीटी विद्यापीठात नीरा देसाईंनी स्त्री-अभ्यासाचं संशोधन केंद्र काढलं. म्हणजे तुम्ही जे केलंत, ओळी मोजल्यात आणि विचारलंत की बाया गेल्या कुठे, या विषयाची सुरुवातच तशी आहे.

एकत्र शिकवणारं काही शोधत बसू नका, घरीच शिवा. कापड मी देते. केंद्र सरकारचं वेळ-वापर सर्वेक्षण, टाइम यूज सर्व्हे. २०१९ ला देशभर झालं, पुन्हा २०२४ ला. पहाटे चारपासून दुसऱ्या पहाटे चारपर्यंत, अर्ध्या अर्ध्या तासाने माणसाने काय केलं ते लिहून घेतात. यात 'उत्पन्न' रिकामं असलं तरी बाई गळत नाही, कारण चोवीस तास सगळ्यांकडे असतात.

त्यातला एक आकडा सगळीकडे छापून आला. घरच्या बिनपगारी कामाला २०१९ मध्ये बायका दिवसाला २९९ मिनिटं देतात आणि पुरुष ९७. पेपरात वाचून मी आमच्या ह्यांच्याकडे बघितलं आणि म्हटलं, ९७? कोणाचे? मग छोट्या अक्षरातलं वाचलं. ही सरासरी ज्यांनी त्या दिवशी घरकामाला हात लावला फक्त त्यांची आहे. बायकांत असे ८१ टक्के होते, पुरुषांत २६. उरलेल्या ७४ टक्के पुरुषांची शून्यं त्या ९७ मध्ये नाहीतच. ती धरली तर पुरुषांची सरासरी पंचविशीवर येते आणि बायकांची २४३ च्या आसपास. आकडा खोटा नाही हं, खाली स्वच्छ लिहिलेलं आहे. पण तुमच्या गृहपाठात रिकाम्या ओळी काढल्या आणि बाया गेल्या, इथे शून्यं काढली आणि पुरुष कामसू झाले. कोणाने भागायचं हे दोन्ही विषयांत शिकवतात. फक्त एका वर्गात दुसऱ्याचं नाव घेत नाहीत.

वऱ्हाडी_ठेचा:

दिराले म्हना, २६ टक्क्यात या आधी, मंग बोलू.

एकेकाळचा_सदाशिवपेठी:

गोदाकाठची, एक भर घालतो. एकत्र शिकवण्याचा प्रयोग झालेला आहे. २०१३ मध्ये मी अमेरिकेत शिकत होतो. तेव्हा 'मूक'चं (MOOC, सगळ्यांना खुले असलेले मोठे ऑनलाइन अभ्यासक्रम) वारं होतं, एक नामांकित प्राध्यापक, एक व्हिडिओ, एक लाख विद्यार्थी. त्याला उत्तर म्हणून फेमटेकनेट नावाच्या गटाने 'डॉक' (DOCC) हा अनेक कॉलेजांत विखुरलेला, मिळून चालवायचा अभ्यासक्रम काढला. अ‍ॅन बाल्सामो आणि अलेक्झांड्रा युहास या दोघींनी पुढाकार घेतलेला. विषय स्त्रीवाद आणि तंत्रज्ञान. पहिल्या सत्रात पंधरा कॉलेजं होती. संवादांचे व्हिडिओ सगळ्यांना सामाईक, पण वर्ग ज्याचा त्याचा, शिक्षिका आपापली, गृहपाठ आपापल्या गावाला साजेसा. म्हणणं असं की ज्ञान एका टाकीतून नळाने सोडायची गोष्ट नाही.

त्यातला मला आवडलेला गृहपाठ म्हणजे विकिपीडियात शिरून राहून गेलेल्या बायकांची पानं लिहायची. आमच्या गटाला एनिॲक या सुरुवातीच्या संगणकाच्या प्रोग्रामर आल्या होत्या. १९४६ मध्ये ते यंत्र जगापुढे आलं, त्याचे प्रोग्राम लिहिणाऱ्या सहा जणी होत्या, आणि त्याआधी 'कॉम्प्युटर' हा शब्द यंत्राचा नव्हे, हिशोब करणाऱ्या माणसाचा होता. त्या सहाही जणींचं अधिकृत पद तेच होतं. ताई, तुम्ही दुकानात बसून वर्षानुवर्षं तेच पद सांभाळलंय. पगारासकट नव्हे, एवढंच.

हिंजवडी_फेज३:

दोन पदव्यांचं माझं चुकलं, आत्ताच यूजीसीचं पत्रक पाहिलं. मान्य.

प्रोजेक्टचा मुद्दा सोडत नाही, पण तो सर्वेक्षणावरच करा. कच्चा डेटा सांख्यिकी मंत्रालयाच्या साइटवर मोफत आहे. उघडल्यावर घाबरू नका, नुसत्या आकड्यांच्या सलग ओळी दिसतात. कुठल्या अंकापासून कुठल्या अंकापर्यंत काय आहे ते वेगळ्या फाइलीत दिलेलं असतं. आणि साधी सरासरी काढू नका. प्रत्येक ओळीला एक गुणक असतो, ती ओळ किती माणसांच्या वतीने बोलतेय तो. गुणक विसरला की सगळा हिशोब वाकडा. मी स्वतः पहिल्यांदा विसरलो होतो, एका वेगळ्या सर्वेक्षणात. मुलाखतीला कुणी हे गुणकासकट समजावून सांगितलं तर मी एम.ए. विचारणारच नाही. म्हणजे, चांगल्या अर्थाने.

दुपारी_तीन:

सगळ्यांचे आभार. ठेच्याचं उत्तर दिरांना वाचून दाखवलं. हसले, आणि रात्री ताट उचलून मोरीपर्यंत नेलं. एक मिनिट धरू.

ठरवलंय असं की जुलैत 'स्वयं'वर एक विषय, तो झेपला तर पुढच्या जानेवारीत इग्नू. डिप्लोमा चालूच.

फेज३ भाऊ, फाइल उतरवली. गुणकाचं आज कळलं, दोन दुपारी गेल्या. पण त्याच्या आधी म्हटलं, तो तक्ता हाताने भरून तर बघू. वहीत चारपासून अर्ध्या तासाच्या रेघा मारल्या आणि सासूबाईंजवळ बसले, कालचा दिवस सांगा म्हणून. अर्ध्या तासात दोन-तीन कामं आली तर त्यातलं मुख्य कुठलं ते ठरवावं लागतं, तिथेच आमचं भांडण. मी म्हणते सहा ते साडेसहा 'स्वयंपाक', त्या म्हणतात, कुकर आपला आपण होतो, मी तर पोरीची वेणी घालत होते.

आणि एक रकाना अडलाय. आमच्याकडे नळ रोज येत नाही, आणि यायची वेळही पक्की नसते. काल पहाटे साडेचार ते साडेपाच त्या ओट्यावर बसून होत्या, रिकामी घागर शेजारी. पाणी आलं पावणेसहाला. त्या म्हणतात, लिही 'बसले होते'. मी म्हणते बसून कुठे होता, वाट पाहत होता. गोदाकाठची ताई, हे कामात धरायचं की विश्रांतीत? सध्या पेन्सिलीने लिहून ठेवलंय.