दुसऱ्याचं कर्ज माझ्या क्रेडिट रिपोर्टमध्ये (सिबिलमध्ये) दिसतंय, दोन पत्रं पाठवली तरी उत्तर नाही. पत्रात नेमकं लिहायचं काय?

खाडीकाठ (मालवण तालुका)

नमस्कार मंडळी. आमची फायबरची होडी आहे, इंजिन गेल्या हंगामापासून साथ देत नाहीये. जून-जुलैच्या बंदीत होडी वर ओढलेली असते तेव्हाच नवीन बसवून घ्यावं म्हणून बँकेत अडीच लाखाच्या कर्जाचा अर्ज केला तर मॅनेजर म्हणाले तुमच्या सिबिलला थकबाकी दिसतेय, होणार नाही. मी आयुष्यात एकदाच कर्ज घेतलंय, घर शाकारायला सोसायटीचं, आणि तेही मुदतीच्या आधी फेडलंय.

रिपोर्ट काढला तर त्यात २०२१ चं एका फायनान्स कंपनीचं टू-व्हीलर लोन, १८,४०० थकीत. माझ्याकडे गाडीच नाही हो. खाली मोबाईल नंबर अनोळखी, पत्ता आमच्याच गावचा पण वरच्या वाडीचा, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. वरच्या वाडीत माझ्याच नावाचा एक जण आहे, त्याच्या वडिलांचं नावही तेच. शाळेत हजेरीला आम्ही दोघं एकदम हजर म्हणायचो. तो आता मुंबईला असतो, माणूस चांगला आहे, त्याला गावात उघडं पाडायचं नाहीये मला.

कंपनीला दोन पत्रं पाठवली, साध्या पोस्टाने. दोन-दोन पानं लिहिलं, बंदी, इंजिन, आईचं औषधपाणी सगळं, आणि शेवटी माझा स्कोअर वाढवून द्यावा ही विनंती. दीड महिना झाला, काही नाही. चुलतभाऊ म्हणतो १८ हजार भरून मोकळा हो. कुडाळला एक जण आठ हजारात सिबिल साफ करून देतो म्हणतो. काय करू सांगा, रात्री झोप लागत नाही.

माडाखाली

भरू नको रे बाबा, अजिबात भरू नको. माझ्या मेवण्यान असोच दुसऱ्याचो हप्तो भरल्यान, आता कंपनी म्हणता कर्ज तुझाच, नायतर भरलंस कित्याक?

निवृत्त शाखाधिकारी, रत्नागिरी

वरच्यांनी सांगितलं ते शंभर टक्के बरोबर. तू पैसे भरलेस की कर्ज मान्य केल्यासारखं होतं, आणि थोडंफार कमी करून मिटवलंस तर तिथे 'सेटल्ड' असा शेरा बसतो, तो पुढच्या प्रत्येक बँकेला दिसतो. आणि त्या आठ हजारवाल्याला आधार, पॅन, ओटीपी काही देऊ नकोस. तक्रार करायला एक पैसा लागत नाही आणि जे काम तो करणार म्हणतो ते तुझं तूच करू शकतोस.

मी ३१ वर्षं बँकेत काढली, बरीचशी कोकणातल्याच शाखांत. एका गावात एका नावाचे तीन खातेदार ही इथे नेहमीची गोष्ट, लेजरच्या काळात आम्ही नावापुढे वाडी लिहून ठेवायचो. आता नाव, जन्मतारीख, पॅन, पत्ता, फोन यांवरून कॉम्प्युटर जुळणी करतो आणि कर्ज देताना एखादी माहिती अर्धवट भरली गेली असेल तर ते कर्ज भलत्याच माणसाला चिकटतं. तेव्हा तुझ्या गाववाल्याचा यात काही दोष असेलच असं नाही.

आता पत्राबद्दल. तुझं पत्र मनापासून लिहिलेलं आहे, पण ते उघडणाऱ्या माणसासमोर असे ढीगभर कागद असतात, त्याला तीनच गोष्टी हव्यात, कुठलं खातं, त्यात काय चुकलं आणि तुला काय करून हवंय. इंजिन, बंदी, औषधं हे सगळं खरं असलं तरी त्यातून त्याला खातं क्रमांक सापडत नाही. दुसरं म्हणजे स्कोअर वाढवून द्या असं कधीही लिहू नये. स्कोअर कसा काढला यावरची तक्रार रिझर्व्ह बँकेच्या भरपाईच्या नियमात बसतच नाही, चुकीच्या माहितीवरची बसते. माहिती सुधारली की स्कोअर आपोआप हलतो.

असं लिही:

"प्रति, तक्रार निवारण अधिकारी. विषय: माझ्या क्रेडिट रिपोर्टमध्ये दिसणारे कर्ज खाते क्र. (रिपोर्टमधला क्रमांक) माझे नसल्याबाबत. महोदय, दिनांक अमुकच्या रिपोर्टमध्ये (कंट्रोल नंबर अमुक) आपल्या कंपनीचे वरील दुचाकी कर्ज माझ्या नावावर दिसत आहे. मी आपल्याकडून कोणतेही कर्ज घेतलेले नाही. त्या खात्यातील मोबाईल क्रमांक व पत्ता माझा नाही. माझा पॅन व जन्मतारीख सोबत जोडलेल्या प्रतींप्रमाणे आहे. कृपया हे खाते माझ्या नावावरून काढून दुरुस्त माहिती सर्व क्रेडिट माहिती कंपन्यांना पाठवावी. खाते माझेच आहे असे आपले म्हणणे असल्यास कर्जाचा अर्ज, त्यावरील फोटो व सही आणि गाडीच्या आरसी बुकाची प्रत मला द्यावी. आपला, सही, तारीख."

बस. एक पान, एक खातं, एक मागणी. ती शेवटची ओळ गाळू नकोस, कारण फोटो आणि सही काढायला फाइल उघडावीच लागते आणि फाइल उघडली की माणूस दुसरा आहे हे दिसतं. सोबत रिपोर्टचं ते पान, चुकीच्या ओळीवर पेनाने गोल करून, पॅनची झेरॉक्स आणि आधारचे फक्त शेवटचे चार आकडे दिसणारी प्रत. झेरॉक्सवर 'फक्त क्रेडिट रिपोर्ट दुरुस्तीसाठी' असं आडवं लिहून सही कर. मूळ कागद कुणालाही देऊ नकोस.

हेच पत्र दोन ठिकाणी जायला हवं, फायनान्स कंपनीकडे आणि ज्या ब्युरोच्या, म्हणजे सिबिलसारख्या क्रेडिट माहिती कंपनीच्या, रिपोर्टमध्ये चूक आहे तिच्याकडे (ब्युरोच्या साइटवर डिस्प्यूटचा, म्हणजे चूक कळवायचा, फॉर्म असतो, तोही चालतो). ब्युरो स्वतःहून काही बदलत नाही, कर्ज देणाऱ्याला विचारते आणि त्याने दुरुस्ती पाठवली की बदलते. म्हणून नुसत्या ब्युरोशी भांडण्यात वेळ जातो.

आणि साध्या पोस्टाने नको रे. जवळ शाखा असेल तर स्वतः जा, दोन प्रती ने, एकीवर शिक्का, तारीख, सही घे. पोच महत्त्वाची, कारण दिवस तिच्यावरून मोजतात. क्रेडिट माहिती कंपन्यांचा कायदा २००५ चा आहे, त्यात दुरुस्तीला ३० दिवस आहेत. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये परिपत्रक काढलं, एप्रिल २०२४ पासून लागू झालं, की ३० दिवसांत तक्रार मिटली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये तक्रारदाराला द्यायचे. कर्ज देणाऱ्याने २१ दिवसांत दुरुस्त माहिती पाठवली नाही तर भरपाई त्याने द्यायची, त्याने वेळेत पाठवूनही ब्युरोने उशीर केला तर ब्युरोने. मागणी नाकारली तर कारणही कळवावं लागतं.

राजापूरची ताई

काकांनी सांगितलंय तसंच माझं झालं. सोनं तारण ठेवलं होतं लेकीच्या ॲडमिशनला, फेडून दागिने घरी आणले तरी वर्षभर रिपोर्टमध्ये खातं चालूच. मी पण आधी फोनवर फोन केले, प्रत्येक वेळी नवीन मुलगी, प्रत्येक वेळी पहिल्यापासून सांगायचं. मग सात ओळींचं पत्र आणि कर्ज बंद झाल्याच्या दाखल्याची झेरॉक्स जोडून पोच घेतली. ४४ व्या दिवशी दुरुस्त झालं आणि मागून १,४०० रुपये खात्यात आले. रक्कम मोठी नाही पण तो मेसेज मी अजून ठेवलाय, कारण इतके दिवस मलाच खोटं ठरवत होते सगळे.

दादा एक सांगते, एक वही घाला. कोणत्या तारखेला कुणाशी बोललात, तक्रार नंबर काय दिला, सगळं लिहा. माझं काम त्या वहीवरच झालं.

खाडीकाठ

काका, ताई, खूप आभार, आज पहिल्यांदा वाटतंय की मार्ग आहे. दोन शंका. ३० दिवसांनीही काही झालं नाही तर कुठे जायचं? आणि त्या गाववाल्याला फोन करू का?

निवृत्त शाखाधिकारी, रत्नागिरी

फोन कर, पण भांडायला नको, मदत मागायला. तो 'ते कर्ज माझं आहे' एवढं कंपनीला लिहून देईल तर तुझं काम फार लवकर होईल. नाही दिलं तरी तुझं पत्र त्याच्यावाचून उभं राहतं.

३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटणारं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, त्यांच्या तक्रारींच्या सीएमएस पोर्टलवर, फुकट. १४४४८ वर फोन करून विचारताही येतं. सप्टेंबर २०२२ पासून ब्युरोही त्या योजनेत आहेत. पण तिथे पहिला प्रश्न हाच की आधी कंपनीला तक्रार कधी दिली, म्हणजे परत पोच. तुझ्या आधीच्या दोन पत्रांची पोच नाही म्हणून दिवस आता नव्याने मोज.

आणि बँकेच्या मॅनेजरनाही पोचेची प्रत देऊन ठेव, इंजिनाचं कोटेशन सोबत लाव. काही मॅनेजर अशा वेळी फाइल बाजूला ठेवून थांबतात, सगळे नाही, पण विचारायला काय हरकत.

खाडीकाठ

मंडळी, २६ दिवसांनी कळवतोय. पत्र कुडाळच्या शाखेत स्वतः नेऊन दिलं. काउंटरवरचा मुलगा म्हणाला ठेवून जा, मी म्हटलं शिक्का हवा, पाऊण तास बसवलं पण दिला. त्याच रात्री गाववाल्याला फोन केला. तो बिचारा ओशाळला, लॉकडाऊनमध्ये नोकरी गेली तेव्हा हप्ते राहिले म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी त्याने स्वतः कंपनीला मेल केला. १९ व्या दिवशी मला मेल आला की खाते आपले नाही, दुरुस्ती पाठवली आहे. काल रिपोर्ट काढला तर ते खातं गेलंय. बँकेने परत अर्ज घेतलाय, मॅनेजर सोमवारी कळवतो म्हणाले.

निवृत्त शाखाधिकारी, रत्नागिरी

फार बरं वाटलं वाचून. आता एवढं कर, ब्युरो चार आहेत, सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क, प्रत्येकाकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. तू बघितलास तो एकीचा. बाकी तिन्ही सोमवारच्या आत काढून बघ, आणि कुठे तेच खातं दिसलं तर कंपनीचा तो १९ व्या दिवशीचा मेल जोडून तिथेही डिस्प्यूट टाक.