ल्यूकोटॉमीनंतरचे पुनर्वसन : सुधारणेचे श्रेय कोणाचे?

प्रश्न :
पोर्तुगीज मेंदूतज्ज्ञ एगास मोनीझ यांनी १९३५ साली लिस्बनमध्ये सुरू केलेली ल्यूकोटॉमी, म्हणजे मेंदूच्या पुढील खंडातील तंतूंची जोडणी तोडण्याची शस्त्रक्रिया, पुढे मनोरुग्णालयांत वर्षानुवर्षे राहिलेल्या स्किझोफ्रेनियाच्या हजारो रुग्णांवर झाली. त्यांपैकी काही जण सुधारून घरी गेल्याचे जुन्या अहवालांत वाचायला मिळते. त्यांचे पुनर्वसन कसे होत असे, आणि सुधारणेचे श्रेय शस्त्रक्रियेला द्यावे का?

प्रतिसाद १ :
शस्त्रक्रियेनंतर सुरुवातीला रुग्ण सुस्त असे, लघवीवर ताबा नसे आणि जेवणाचीही आठवण परिचारिकेलाच करून द्यावी लागे. खरी अडचण त्यानंतर दिसे. सदऱ्याची बटणे लावण्याचे कौशल्य शाबूत असे, पण काम स्वतःहून सुरू करण्याची प्रेरणा उरलेली नसे. त्यामुळे अंघोळ, कपडे, अंथरूण आवरणे अशी कामे लहान टप्प्यांत पाडून, शक्यतो एकाच व्यक्तीने रोज ठरलेल्या वेळी करून घ्यायची आणि मग सूचना हळूहळू कमी करायच्या, हाच उपयोगी मार्ग होता. काहींना नंतर, कधी बऱ्याच काळाने, फिट्स येत. म्हणून कार्यशाळेत यंत्रे आणि विस्तव यांपासून त्यांना जपावे लागे.

प्रतिसाद २ :
श्रेयाबाबत मी साशंक आहे. शस्त्रक्रिया झालेल्यांना पुष्कळदा तिच्याबरोबरच अधिक शुश्रूषा, ठरलेला दिनक्रम आणि डॉक्टरांचे लक्षही मिळे, आणि तुलनेसाठी योग्य गट क्वचितच ठेवलेला असे. शिवाय उदासीनता केवळ आजाराची किंवा शस्त्रक्रियेची नव्हती: मनोविकारतज्ज्ञ रसेल बार्टन यांनी १९५९ मध्ये दाखवून दिले की रुग्णालयातील रिकामे, परावलंबी जिणेही माणसाला तसे बनवते. विंग आणि ब्राउन या संशोधकांनी तीन इंग्रजी रुग्णालयांची तुलना केली, तेव्हा रुग्णांचा निष्क्रिय वेळ कमी झाला की सुधारणाही दिसते, असे आढळले. हे शस्त्रक्रियेविनाही साधते, ही गोष्ट मला निर्णायक वाटते.

प्रश्नकर्ता :
१९५२ नंतर क्लोरप्रोमाझीन हे मनोविकारांवरचे औषध आले. त्याने शस्त्रक्रिया झालेल्यांच्या पुनर्वसनात फरक पडला का?

प्रतिसाद १ :
भास आणि अस्वस्थता यांवर औषध उपयोगी पडे, पण तुटलेले तंतू त्याने जुळत नाहीत, त्यामुळे पुढाकाराचा अभाव तसाच राही. शिवाय हे औषध फिट्सची शक्यता वाढवते, म्हणून अशा रुग्णांत मात्रा अधिक सावधपणे ठरवावी लागते. जुन्या नोंदी हरवलेल्या असतील तर सीटी स्कॅनमध्ये दोन्ही बाजूंना दिसणारी इजा पाहून शस्त्रक्रियेचा अंदाज येतो. मग 'आळशी', 'असहकारी' असे शेरे मारण्याऐवजी, कोणते काम रुग्ण कोणाच्याही सूचनेविना सुरू करतो, याची नोंद ठेवून प्रशिक्षण आखावे.