कामात चूक झाली, त्या रात्री तुम्ही काय केलंत?

काल निघता निघता टीममधली नवीन मुलगी टेबलाशी येऊन उभी राहिली. चेहरा पांढराफटक. पगाराची फाईल एका छोट्या ग्रुपला पाठवायची, ती अख्ख्या विभागाच्या ग्रुपला गेली होती. "मी उद्यापासून येऊ की नको?" हाच तिचा पहिला प्रश्न. मला एकदम चौदा वर्षांपूर्वीची मी आठवले.

तेव्हा टेंडरच्या एका आकड्यात माझ्याकडून एक शून्य कमी पडलं होतं. वरिष्ठांच्या लक्षात आलं, दहा मिनिटांत दुरुस्त झालं, टेंडर वेळेत गेलं. कोणी आवाजसुद्धा चढवला नाही. पण त्या दहा मिनिटांची शिक्षा मी स्वतःला पुढची तीन वर्षं देत होते. पाठवलेली प्रत्येक मेल परत उघडून वाचायची. रात्री तीनला जाग, आणि तोच आकडा डोळ्यांसमोर. लोक म्हणायचे, किती काटेकोर आहेस! ते ऐकलं की पोटात गोळा यायचा, कारण आता चुकायला जागाच उरली नाही असं वाटायचं.

आणि चुका कमी झाल्याच नाहीत. सहाव्यांदा वाचताना डोळा समोरचं वाचत नाही, तिथे जे असायला हवं तेच वाचतो. आता दोनदा वाचते, आकडे कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवते, बास. चूक झालीच तर वहीत तीन ओळी: काय झालं, कसं निस्तरलं, पुढच्या वेळी काय बदलणार. तिसरी ओळ झाली की वही बंद. रात्री विचार आलाच तर स्वतःला सांगते, वहीत आहे ते.

तिला काल काहीतरी समजूत घालून घरी पाठवलं, पण माझंच समाधान झालं नाही. तुम्ही काय केलं होतंत, लिहा ना.

* * *

रात्रपाळी चालू आहे, जमेल तसं लिहिते. आधीच्या पाळीत डोस देऊन झाला होता, नोंद राहिली होती. मी विचारायला हवं होतं. नाही विचारलं, परत दिला. पेशंटला काही झालं नाही, पण सकाळपर्यंत मी त्या बेडजवळून हलले नाही. नंतर कित्येक महिने सिरिंज भरताना हात थरथरायचा.

इनचार्ज सिस्टरांनी डॉक्टरांना, नातेवाइकांना, सगळ्यांना कळवायला लावलं. ते झाल्यावर विचारलं, "आज घरी तुझ्याजवळ कोण आहे?" तो प्रश्न अजून विसरले नाही.

पुढे एका ट्रेनिंगमध्ये कळलं की याला नाव आहे. आल्बर्ट वू या अमेरिकन डॉक्टरांनी २००० साली 'सेकंड व्हिक्टिम' हा शब्द वापरला. पहिला अर्थातच पेशंट, दुसरी ज्याच्या हातून चूक झाली ती व्यक्ती. नाव आहे म्हणजे माझ्याआधी कितीतरी जणांचं असं झालंय, एवढ्यानंच रडू फुटलं. बेल वाजली, येते.

* * *

सेंट फोल्डर उघडून वाचणं माझं अजून चालू आहे. बाळ उठलं, नंतर लिहिते.

* * *

सिस्टर, तुमचं वाचून थांबलोच जरा. आमच्या कामात जीव जात नाही, तरी सांगतो. दुसऱ्याच महिन्यात डेटाबेसमध्ये 'व्हेअर', म्हणजे कुठल्या ओळी बदलायच्या ती अट, न लावता अपडेट मारला, अख्ख्या टेबलात एकच तारीख. बॅकअप होता, चाळीस मिनिटांत सगळं परत आलं. तोवर मी राजीनामा टाईप करून ठेवला होता.

मीटिंगमध्ये "कोणी केलं" हे कोणी विचारलंच नाही. नव्या माणसाला लाईव्ह डेटाबेसवर लिहायची परवानगी होतीच कशी, यावर तासभर बोलणं. परवानगी काढली, माझी एकट्याची नाही, सगळ्यांची. लीडनी नासाच्या मंगळयानाचं, मार्स क्लायमेट ऑर्बिटरचं उदाहरण दिलं. १९९९ साली ते यान हातचं गेलं, कारण एका सॉफ्टवेअरचे आकडे पाउंडात आणि पुढच्या टीमनं ते न्यूटनमध्ये धरले. चौकशीत एकक चुकलं हे निघालंच, पण ते पडताळणीत सापडलं का नाही, हेही तपासलं. राजीनाम्याची फाईल त्याच दिवशी डिलीट केली.

* * *

तारखांचं निघालंच आहे म्हणून. एक्सेल काही जनुकांच्या नावांच्या तारखा करून टाकायचं, 'मार्च १' वगैरे नावं होती ना. शेवटी २०२० मध्ये नावं ठरवणाऱ्या समितीनं जनुकांचीच नावं बदलली! संशोधकांना "नीट लक्ष द्या" म्हणत बसले नाहीत. मला हे फार आवडतं. मी लॅबमध्ये आहे, या तारखांपायी एक अख्खा आठवडा स्वतःला कोसलंय.

* * *

आमच्याकडे खाते क्रमांकांच्या सुरुवातीचे शून्य उडायचे. आधी कॉलम टेक्स्ट करा, मग पेस्ट करा.

* * *

मी दुसऱ्या बाजूनं लिहितो. वीस वर्षं मी चुका पकडणारा होतो. स्वतःला जे बोलायचो तेच हाताखालच्यांना. मला वाटायचं, यानं काम चोख होतं. एकदा एक चूक चार महिन्यांनी माझ्यापर्यंत आली. तिघांना माहीत होती, तिघांनी लपवली. का, तर मला कळू नये म्हणून. त्यातला एक जण पुढे नोकरी सोडून गेला. त्याला फोन करून माफी मागितली, खूप उशिरा. आता सकाळच्या बैठकीत पहिली चूक माझी मी सांगतो. पहिल्या दिवशी घसा कोरडा पडला होता.

* * *

दादा, तुम्ही फोन केलात हे वाचून बरं वाटलं. माझ्या साहेबांनी कधी केला नाही.

* * *

बाळ झोपलं. आज एकच मेल किती वेळा उघडते ते मोजलं, अकरा वेळा. आकडा बघून घाबरले. ताई, वहीचं उद्यापासून करून बघते. तीन ओळींवर थांबणं मला जमेल का, माहीत नाही.

* * *

चार झाल्या तरी चालेल गं. लिहून कळव.

ती नवीन मुलगी आज माझ्याआधी येऊन बसली होती. सिस्टर, तुमचा प्रश्न मी तिला विचारला. रूममेट होती म्हणाली, पण तिला काही सांगितलं नव्हतं. मग आम्ही दोघींनी मिळून विभागाला मेल लिहिली, काय गेलं आणि का गेलं ते सरळ. दोन्ही ग्रुपची नावं एका अक्षराच्या फरकाची आहेत, ती बदलायला सांगितलीत. मेल जायच्या आधी थोडी थांबवायची सोय असते का? कुणाला माहीत आहे?

* * *

असते. जीमेलमध्ये 'अनडू सेंड' ३० सेकंदांपर्यंत वाढवता येतं. आउटलूकमध्ये रूल करून काही मिनिटं लांबवता येते, मी पाच ठेवली आहेत. पाठवून पाणी प्यायला उठलं की बहुतेक वेळा तेव्हाच आठवतं, अटॅचमेंट राहिली.