पहिलं डबल बेस पेडल घेताना नेमकं काय तपासायचं?

बावीस_इंची

नमस्कार मंडळी. सिंगल पेडलवर पाय बऱ्यापैकी बसलाय, आता डबल घ्यायचं आहे, म्हणजे एकाच बेस ड्रमवर दोन्ही पायांनी वाजवता येईल असं. बजेट २० हजार, फार ताणलं तर २२. सेट असा: २२ इंची बेस ड्रम, तीन पायांचा हाय-हॅट (डाव्या पायाने उघडझाप होणाऱ्या झांजांची जोडी) स्टँड, साधा स्नेअर (मांडीजवळचा छोटा ड्रम) स्टँड. खोलीत गुळगुळीत टाइल्स. बुटाचा नंबर १०. वाजवणं मुख्यतः मेटल, पण ऑर्केस्ट्राची कामंही असतात, म्हणजे पेडल दर वेळी खोलून बॅगेत जाणार.

शंका तीन. टामा आयर्न कोब्रा २०० चं डबल घ्यावं की पर्ल पी-९३२? त्याच पैशांत वरच्या श्रेणीचं वापरलेलं मिळत असेल तर धाडस करावं का? आणि चेन बरी की डायरेक्ट ड्राइव्ह?

ड्रमकी

नाव बाजूला ठेवा आणि आधी डाव्या बाजूकडे बघा. दुकानात सगळे उजवं पेडल दाबून बघतात. ते चांगलंच लागतं, कारण ते मुळात सिंगल पेडलच आहे. डबलचे जादा पैसे जातात स्लेव्ह पेडल (डाव्या पायाखालचं) आणि त्याला उजव्या, म्हणजे मेन पेडलशी जोडणाऱ्या दांडीत, म्हणजे शाफ्टमध्ये. स्वस्त आणि चांगल्या पेडलमधला फरकही तिथेच असतो.

डाव्या पायाचा जोर स्लेव्हच्या कॅमवरून (चेन ज्यावर बसते ते चाक) शाफ्टमध्ये, शाफ्टच्या दोन टोकांच्या युनिव्हर्सल जॉइंटमधून मेन पेडलवर आणि मग डाव्या बीटरपर्यंत (ड्रमवर आपटणारी मोगरी) जातो. जीपच्या प्रोपेलर शाफ्टला असतो तोच हा जॉइंट. त्यात केसभर जरी ढिलाई असली तरी पाय खाली गेल्यावर बीटर क्षणभर उशिरा हलतो. हळू तालात हे कळत नाही. १६० च्या लयीत सोळाव्या मात्रा सुरू केल्या की डावा ठोका मागे पडतो आणि माणूस उगाच स्वतःच्या पायाला दोष देतो.

दुकानात हे करा. डाव्या हाताने स्लेव्हचा कॅम घट्ट धरा, अजिबात फिरू देऊ नका. उजव्या हाताच्या दोन बोटांनी डावा बीटर पुढे-मागे हलवा. बीटरच्या टोकाशी दोन-तीन मिलिमीटर हालचाल चालेल. बोटभर हलत असेल किंवा 'टक-टक' आवाज येत असेल तर ते पेडल परत ठेवा. मग फूटबोर्ड, म्हणजे पाय ठेवायची पाटी, आडवं, डावी-उजवीकडे, हलवून बघा. टाचेच्या बिजागरीत खेळ असेल तर पाय घसरल्यासारखा वाटत राहतो.

दुसरी चाचणी झोक्याची. पेडल ड्रमला न लावता सपाट जमिनीवर ठेवा. दोन्ही स्प्रिंग सारख्या ताणा, बीटर हाताने मागे ओढून सोडा आणि झोके मोजा. डावीकडे उजव्यापेक्षा कमीच येणार, कारण मध्ये शाफ्टचं वजन आणि दोन जॉइंटचं घर्षण आहे. पण उजवीकडे बारा झोके आणि डावीकडे चार, असं असेल तर जॉइंट किंवा बेअरिंग कोरडं आहे किंवा शाफ्ट वाकलाय.

लाँगबोर्ड_की_शॉर्ट

मॉडेलबद्दल. तुम्ही लिहिलेली दोन्ही चेनवर चालतात आणि पहिलं डबल म्हणून दोन्ही योग्य आहेत. खरा फरक फूटबोर्डचा आहे. पी-९३२ लाँगबोर्ड आहे, म्हणजे टाचेची वेगळी पट्टी नाही, पाटी मागपर्यंत सलग जाते. आयर्न कोब्रा २०० ची पाटी नेहमीच्या लांबीची, मागे टाचेची पट्टी वेगळी. दहा नंबरच्या बुटाला लाँगबोर्डवर पाय मागे-पुढे न्यायला जागा मिळते. टाच उचलून मागच्या बाजूने वाजवलंत तर पाय कमी हलवावा लागतो पण पाटी जड लागते, पुढे सरकलात तर पाटी हलकी लागते आणि जोर मिळतो. मेटलसाठी हे सोयीचं आहे. पण लाँगबोर्डची सवय नसेल तर पहिले काही आठवडे पाय दर वेळी वेगळ्या जागी पडतो. बोर्डवर पायाच्या चवड्याखाली येईल अशी रंगीत टेपची बारीक पट्टी चिकटवा, नजर न टाकता जागा सापडायला लागते.

दुसरा फरक कॅमचा. आयर्न कोब्रा २०० चा कॅम 'पॉवर ग्लाइड' आहे, म्हणजे पूर्ण गोल नाही. बीटर कातड्याजवळ येईल तसा वेग घेतो, ठोका जड बसतो. गोल कॅममध्ये पायाच्या आणि बीटरच्या वेगाचं प्रमाण सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखं राहतं. सलग सोळाव्या मात्रांना माझं मत गोल कॅमच्या बाजूने, रॉकच्या मोकळ्या ठोक्यांना पॉवर ग्लाइडच्या. बजेट वाढवता आलं तर आयर्न कोब्रा ६०० मध्ये 'ड्युओ ग्लाइड' आहे, एकाच पेडलवर दोन्ही आकार लावता येतात.

डायरेक्ट ड्राइव्ह म्हणजे चेनच्या जागी घट्ट दांडी. पर्लचं डीमन ड्राइव्ह, ॲक्सिस, ट्रिक ही त्यातली नावं. पाय आणि बीटर यांच्यात लवचिकता उरत नाही, प्रतिसाद अगदी थेट. पण ही महागडी श्रेणी आहे आणि २२ हजारांत नवं चांगलं डायरेक्ट ड्राइव्ह शोधत बसू नका. स्वस्तातल्या डायरेक्ट ड्राइव्हमध्ये सांधे जास्त, प्रत्येक सांध्यात थोडी ढिलाई, आणि मग डायरेक्टचा फायदाच उरत नाही. त्यापेक्षा घट्ट बांधणीचं चेन पेडल घ्या.

जुना_बाजार

वापरलेलं घ्यायला हरकत नाही, फक्त फोटो बघून पैसे पाठवू नका. वर ड्रमकी यांनी दिलेल्या दोन्ही चाचण्या करा, शिवाय हे बघा:

ड्रम कीने फिरणाऱ्या प्रत्येक बोल्टचं चौकोनी डोकं गोल झालंय का. पक्कड लावून फिरवलेलं लगेच ओळखू येतं. बीटरच्या दांडीवर एकाच उंचीला खोल खाच पडली असेल तर स्क्रू प्रमाणाबाहेर आवळत असत, नव्या उंचीला दांडी घसरेल. हूप क्लॅम्पचं (पेडल ड्रमच्या कड्याला, म्हणजे हूपला, पकडणारा चिमटा) रबर गेलेलं असेल तर तुमच्या ड्रमचं लाकडी हूप खाल्लं जाईल. स्प्रिंग मात्र कुरकुरली तरी घाबरू नका, स्प्रिंग आणि बीटर सहज बदलता येतात. शाफ्ट आणि जॉइंट त्याच कंपनीचे, त्याच मॉडेलचे शोधावे लागतात. ते घसटलेले असतील तर सौदा सोडा, कितीही स्वस्त असला तरी.

उजव्या पायाने हाय-हॅट वाजवणारं कुणी असेल तर लक्षात ठेवा, डावखुऱ्यांसाठी स्लेव्ह उलट्या बाजूला असलेली वेगळी मॉडेल येतात. जुन्या बाजारात ती कधीकधी चुकून साधी म्हणून विकली जातात.

बावीस_इंची

सगळ्यांचे मनापासून आभार. चाचण्या करून पेडल घेतलं, ढिलाई नाही. पण घरी जोडल्यावर तीन अडचणी: डावा ठोका उजव्यापेक्षा हलका येतो, स्लेव्ह वाजवताना डावीकडे सरकत जातं, आणि तीन पायांच्या हाय-हॅटमुळे स्लेव्हला जागाच पुरत नाही. शाफ्ट बराच तिरका बसलाय.

ड्रमकी

जागा पुरत नाही म्हणून शाफ्ट तिरका, आणि बाकीच्या दोन अडचणींचं मूळ तोच तिरकेपणा. जॉइंट जितका मोडून बसेल तितका तो अडखळतो. एका फेऱ्यात कुठे वेगाने तर कुठे सावकाश फिरतो, आणि तो फरक थेट डाव्या ठोक्यात उतरतो. जोर आडवा ढकलला जातो म्हणून स्लेव्हही सरकतं.

या क्रमाने लावा.

हाय-हॅटपासून सुरुवात करा. बहुतेक तीन पायांच्या स्टँडमध्ये पायांचा संच ढिला करून फिरवता येतो. दोन पायांमधली मोकळी जागा उजवीकडे, म्हणजे स्लेव्हच्या बाजूला येईल असं फिरवा. स्नेअर स्टँडही फिरवा, त्याचा एक पाय स्लेव्ह आणि मेन पेडलच्या मधल्या मोकळ्या जागेत, शाफ्टखालून जाऊ दे. पाय शाफ्टला घासता कामा नये. तरीही जमलं नाही तर दोन पायांचा हाय-हॅट स्टँड हाच उपाय.

मग स्टुलावर बसा, डोळे मिटून दोन्ही पाय सहज पसरा. डावा पाय जिथे टेकेल तिथे स्लेव्ह. स्लेव्हसाठी पाय वळवायचा नाही, पायासाठी स्लेव्ह वळवायचं. स्टुलाची उंची अशी की मांडी गुडघ्याकडे किंचित उतरती राहील.

आता शाफ्टची लांबी. मधला बोल्ट ढिला करा, शाफ्ट सहज बसेल एवढा ताणा आणि आवळा. लांबी कमी-जास्त असली की दोन्ही पेडल एकमेकांना ढकलत राहतात. समोरून बघा: शाफ्ट जमिनीला जवळपास समांतर हवा. वरून बघा: दोन्ही टोकांचे कोन साधारण सारखे हवेत. आणि एक बारीक गोष्ट जी बहुतेक जण बघतच नाहीत, शाफ्टच्या दोन्ही टोकांचे काटे, म्हणजे जॉइंटला धरणारी दुहेरी टोकं, एकाच रेषेत हवेत. एक उभा आणि दुसरा आडवा असेल तर दोन्ही जॉइंटचे चढउतार एकमेकांना काटण्याऐवजी वाढवतात. शाफ्ट पूर्ण सुटा करून परत घालताना ही चूक हमखास होते.

शेवटी बीटर. दोन्ही एकाच प्रकारचे आणि दांडीवर एकाच उंचीला. पट्टी घेऊन विश्रांतीच्या जागेपासून कातड्यापर्यंतचं अंतर मोजा, डावं-उजवं सारखं करा. हूपवर पेडल असं सरकवा की ड्रमचा मध्यबिंदू दोन्ही बीटरच्या बरोबर मध्ये येईल. उजवा अगदी मध्यावर ठेवला तर डावा कडेला पडतो आणि त्याचा आवाज वेगळाच येतो. कातड्यावर दोन गोलांचा पॅच लावा, नाहीतर दोन ठिकाणी खड्डे पडतात. हे सगळं झाल्यावरही डावं जड वाटलं तर स्लेव्हची स्प्रिंग अर्ध्या-अर्ध्या फेऱ्याने बदला, एकदम नाही.

लाँगबोर्ड_की_शॉर्ट

सरकण्याबद्दल: सतरंजी टाकू नका, ती टाइल्सवर स्वतःच घसरते. खाली रबर असलेला जाड गालिचा घ्या, स्टूल, दोन्ही पेडल आणि हाय-हॅट सगळं त्यावर येईल एवढा मोठा, निदान ५ बाय ६ फूट. तुमचं स्वतःचं वजन स्टुलातून त्यावर पडतं, म्हणून गालिचा हलत नाही. स्लेव्हच्या बेस प्लेटखाली वेल्क्रोची खरखरीत बाजू चिकटवा. पेडलला टोकदार खिळे असतील तर गालिच्यावरच बाहेर काढा, टाइल्सवर नाही.

ऑर्केस्ट्रासाठी खोलताना शाफ्ट फक्त स्लेव्हच्या टोकाला सोडवा, मेन पेडलकडचं टोक तसंच राहू दे आणि शाफ्ट दुमडून बॅगेत भरा. जोडणीच्या जागा एकदा जमल्या की नेलपॉलिशने बारीक रेघा मारा: शाफ्टच्या लांबीवर, बीटरच्या दांडीवर, गालिच्यावर स्लेव्हच्या कडेला. जे बोल्ट कधीच खोलायचे नाहीत पण कंपनाने ढिले होतात, त्यांना निळं लॉकटाइट २४३ (बोल्ट ढिला होऊ न देणारा द्रव) एक थेंब. लाल नको, ते तापवल्याशिवाय सुटत नाही. जॉइंटला आणि चेनला महिन्यातून एकदा शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब, वरचं फडक्याने पुसून. जास्त घातलं की धूळ धरून त्याची पेस्ट होते.

सम_आणि_काल

एक मुद्दा राहिला. डावा पाय स्लेव्हवर गेला की हाय-हॅट उघडं पडतं. मेटलमध्ये डबल सुरू असताना वर बंद हॅटच हवं असतं. त्यासाठी ड्रॉप क्लच येतो, साध्या क्लचच्या (वरची झांज दांडीला पकडणारा भाग) जागी बसतो. काडीने त्याच्या खटक्यावर टिचकी मारली की वरची झांज खालच्यावर पडते आणि बंद राहते, नंतर हाय-हॅटचं पेडल पूर्ण दाबलं की परत पकडली जाते. तो येईपर्यंत डबलच्या जागी राइडवर (उजवीकडची मोठी झांज) वाजवा.

आणि डाव्या पायासाठी: मेट्रोनोम ७० वर, सोळाव्या मात्रा, चार मात्रांचं एक आवर्तन फक्त उजव्याने, एक फक्त डाव्याने, एक डाव्यापासून सुरू करून दोन्हींनी. फोन बेस ड्रमसमोर ठेवून रेकॉर्ड करा आणि डोळे मिटून ऐका. डावा-उजवा कोणता हे ओळखू येत असेल तर लय वाढवू नका.

बावीस_इंची

काटे खरंच एकमेकांना आडवे होते. सरळ करून शाफ्ट समांतर लावला, आता झोके उजवीकडे अकरा, डावीकडे आठ. ड्रॉप क्लच मागवला.