अंग ‘आंबतं’ म्हणजे नेमकं काय होतं?

अजिंक्यताऱ्याखालचा: रविवारी साताऱ्यात चार भिंती स्मारकाकडून अजिंक्यतारा किल्ला चढलो आणि उतरताना पोरांच्या नादानं पळत आलो. सोमवारी किरकोळ दुखलं. मंगळवारी मात्र जिना उतरताना कठडा सोडवेना. आई म्हणाली, “मांड्या आंबल्यात तुझ्या.” जिमचा ट्रेनर म्हणतो, लॅक्टिक ॲसिड साठलंय. आंबणं म्हणजे आंबट होणं, मग आपल्या भाषेला हे आधीच ठाऊक होतं की काय?

कृष्णाकाठ, सांगली: भाषेला एवढ्या घाईनं नोबेल देऊ नका. एसटीत तासन्‌तास बसूनही पाय आंबतात, तिथं कसला व्यायाम? ‘आंबणं’मध्ये जडपणा आहे, ताठरलेपण आहे. हळदीची पोती उचलली की होतं ते ‘खांदे भरून येणं’, आणि ते त्याच दिवशी.

दंडबैठक: ट्रेनरचं चुकतंय. 1780 मध्ये शेले या रसायनशास्त्रज्ञानं नासलेल्या दुधातून हे आम्ल वेगळं काढलं, म्हणून तर आपण त्याला दुग्धाम्ल म्हणतो. पुढं ते स्नायूंतही सापडलं आणि दुखण्याचं खापर त्याच्यावर फुटलं. पण पळणं थांबलं की साधारण तासाभरात रक्तातलं लॅक्टेट, म्हणजे या आम्लाचं शरीरातलं रूप, पूर्वपदावर येतं. हृदय तर ते इंधन म्हणून वापरतं. रविवारचं लॅक्टेट मंगळवारपर्यंत मांडीत कशाला थांबेल?

दोष उताराचा आहे. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ब्रेकचं काम करतो, म्हणजे ताणला जात असतानाच जोर लावतो. त्यात तंतूंना बारीक इजा होते, मग दाह होतो, नसा हळव्या होतात. म्हणून दुखणं 24 ते 72 तासांत सगळ्यात जास्त जाणवतं. अशी इजा होत असावी हे थिओडोर हफ या संशोधकानं 1902 मध्येच मांडलं होतं. चढावर होणारी जळजळ वेगळी, ती थांबलं की जाते.

अजिंक्यताऱ्याखालचा: मग ‘थकवा’ म्हणू का?

दंडबैठक: नको. थकव्यात ताकद उतरते, आणि त्यात स्नायूंसोबत मेंदूचाही हात असतो. ‘दमणं’ श्वासाचं. ‘गोळा’ अचानक येतो आणि सुटतो. दुसऱ्या दिवशीच्या दुखण्याला आमच्या तालमीत ‘मांड्या धरल्या’ म्हणतात. नवीन पोरगं बैठका मारून दोन दिवसांनी लंगडत आलं, तर वस्ताद म्हणतात, थोड्या हलक्या मार, अंग मोकळं होईल. तेवढ्यापुरतं होतंही. शिवाय काही आठवड्यांत तोच उतार पुन्हा उतरलात तर दुखणं बरंच कमी असेल.

कृष्णाकाठ, सांगली: तरी मला ‘आंबणं’च आवडतं. आम्लामुळं नव्हे, वेळेमुळं. पीठसुद्धा भिजवल्या भिजवल्या आंबत नाही, रात्र जावी लागते.

अजिंक्यताऱ्याखालचा: आईला सांगितलं, आंबट काही झालेलं नाही. म्हणाली, “मांड्या म्हटलं मी, ताक नाही.”