मदत हवी आहे: आयएनएस दिल्लीचा राखाडी नेमका कोणता?

पोवईनाका
'दिल्ली'चं मॉडेल करतोय आणि राखाडीवर अडकलोय. तीन डबे आणले, तिन्ही चुकीचे. एक निळा पडतो, एक सिमेंटसारखा, तिसरा वाळल्यावर गडद झाला. आजोबांच्या वाढदिवसाला तीन आठवडे उरलेत. साताऱ्यात हे सामान मिळत नाही, पुण्याहून मागवायला चार दिवस जातात. अचूक नंबर माहीत असेल तर तेवढाच सांगा, प्लीज.

कृष्णाकाठ
कुठली दिल्ली? १९९७ साली नौदलात आलेली विनाशिका की त्याआधीची क्रूझर? स्केल किती? कुठल्या वर्षातली करताय?

घाटवाट
नंबरच्या मागे लागू नका. एमआयडीसीजवळ गाडीचे रंग विकणारा गाठा, शेड दाखवली की मिक्स करून देतो. माझी 'विक्रांत' मी तशीच रंगवली, अजून टवका उडालेला नाही.

पोवईनाका
जुनीच हो, क्रूझर! आजोबा १९६१ला तिच्यावरच होते, दीवच्या कारवाईत. किट एअरफिक्सचा 'एजॅक्स'चा, तिच्याच वर्गातल्या ब्रिटिश जहाजाचा, १/६००.

दर्यावर
हे आधी सांगायचं ना. ही मूळची 'अकिलीस', लिअँडर वर्गातली. १३ डिसेंबर १९३९ला रिव्हर प्लेटच्या लढाईत जर्मन युद्धनौका 'ग्राफ श्पे'शी भिडली आणि ५ जुलै १९४८ला आपल्याकडे आली. म्हणून 'अकिलीस' शोधून युद्धातले शत्रूला चकवणारे रंगाचे पट्टे उचलू नका. ब्रिटिशांकडे मायदेशीच्या ताफ्याला गडद राखाडी असायचा आणि परदेशी ठाण्यांवर फिकट निळसर, त्यांच्या यादीतला ५०७सी नंबरचा. आपलं नौदल त्यांच्याच वळणावर घडलं, तेव्हा ५०७सी पासून सुरुवात करा.

घाटवाट
एवढं कशाला? १९५६च्या इंग्रजी रंगीत सिनेमात आपली दिल्लीच 'अकिलीस' म्हणून उभी आहे. फ्रेम थांबवा, रंग उचला.

दर्यावर
नको. सिनेमाच्या प्रिंटचा रंग धरवत नाही. शिवाय पत्र्यावर आभाळ उतरतं, ढगाळ दिवशी राखाडी निळा दिसतो आणि संध्याकाळी पिवळट. असा उचललेला रंग घरातल्या उजेडात परका वाटतो.

सदरबझार
माउंटबॅटननी १९४०मध्ये स्वतःच्या हाताखालच्या ब्रिटिश विनाशिकांना गुलाबीसर राखाडी दिला होता, पहाटे-संध्याकाळी जहाज दिसू नये म्हणून. मीडियम ग्रेमध्ये व्हेनेशियन रेड मिसळायचे. कुणी केलंय का असं मॉडेल? मला फार दिवसांपासून करायचंय.

कृष्णाकाठ
त्यासाठी वेगळा धागा काढा. पोवईनाका, रंगापेक्षा मोठी चूक होतेय. 'एजॅक्स'च्या किटमध्ये चार टरेट, म्हणजे तोफांचे फिरते बुरूज, येतात. जानेवारी १९४३मध्ये ग्वाडलकनालजवळ 'अकिलीस'च्या एक्स टरेटवर बॉम्ब पडला आणि पुढच्या दुरुस्तीत ते टरेट काढून विमानविरोधी तोफा बसवल्या. दिल्लीला तीनच टरेट. मागच्या दोघांतलं वरचं काढा.

पोवईनाका
काय राव! ते चिकटवून झालंय. मी रंगाचं विचारलं होतं. आजोबांचा एक काळापांढरा फोटो आहे, कठड्याला टेकून उभे, मागे सुपरस्ट्रक्चर, म्हणजे डेकवरचं बांधकाम. त्यावरून काही मोजता येईल का?

दर्यावर
छटा नाही मिळणार, उजळपणा मिळेल. त्यांचा पांढरा गणवेश हे एक टोक, बूट दुसरं. मधल्या पत्र्याचा राखाडी कुठे बसतो ते बघा. जुन्या काही फिल्मना लाल दिसायचाच नाही, तो काळा उमटायचा, पण राखाडीला तो धोका कमी. कागदावर पाच-सहा पट्ट्या रंगवा, त्यांचा मोबाइलवर काळापांढरा फोटो काढा आणि शेजारी ठेवा. १/६००ला डब्यातला रंग जड दिसतो, तेव्हा पांढऱ्याचे थेंब घाला.

घाटवाट
हे स्केल इफेक्टचं, लहान मॉडेलला रंग फिकट करायचं, मला पटत नाही. मॉडेल हातभर अंतरावरून बघतो आपण, मैलभरावरून नाही. खरा रंग तो खरा.

दर्यावर
मैलभरावरून बघितल्यासारखंच दिसायला हवं ना! एवढ्याशा मॉडेलवर गडद राखाडी खेळण्यासारखा दिसतो.

कृष्णाकाठ
आणि सध्याच्या पावसात लॅकर मारू नका. दमट हवेत वर पांढरी साय येते. ॲक्रिलिक घ्या.

पोवईनाका
सहा पट्ट्या केल्या. कुठली कशाची हे न सांगता आजोबांच्या पुढ्यात ठेवल्या. व्हरांड्यात बसून त्यांनी एकेकीवर नख फिरवलं आणि चौथीवर थांबले. "गोवरीच्या राखेत चिमूटभर नीळ," म्हणाले. चौथी म्हणजे ५०७सीच्या जवळची, त्यात पांढऱ्याचे दोन थेंब. मग अंगणात उन्हात नेल्या तर त्यांनी तिसरी निवडली, जरा गडद. आता?

दर्यावर
मॉडेल कुठे ठेवणार?

पोवईनाका
काचेच्या कपाटात, त्यांच्या पलंगासमोर.

दर्यावर
मग चौथी. सावलीत त्यांना तीच दिल्ली दिसली.

घाटवाट
हे बरोबर. मीही चौथीच म्हणेन.

पोवईनाका
चौथी घेतो. आता ते टरेट, प्लास्टिक सिमेंटने बसवलंय. डेक न फाटता निघेल का? आज रात्रीच काढायचंय.

कृष्णाकाठ
उपटू नका, प्लास्टिक एकजीव झालेलं असतं. बारीक करवतीने बुडातून कापा, उरलेलं पॉलिश पेपरने घासा. खाच पडलीच तर पुटी भरा.